पायाखालची पोकळी



केंद्रावरून फोन आला तेव्हा मला वाटलं, नेहमीप्रमाणे 'माझी कविता' किंवा फार तर 'पावसाळा आणि कवी' यावर बोलायला सांगतील. पण या मालिकेचा विषय निघाला घरातलं एखादं यंत्र. मी लगेच म्हटलं, "मी ब्रेकवर बोलतो." पलीकडे क्षणभर शांतता. मग अदबीनं प्रश्न आला, "ब्रेक म्हणजे सर, आयुष्यातला विराम वगैरे का?" म्हटलं, "नाही हो. गाडीचा ब्रेक. पॅडल, ड्रम, ब्रेक ऑइल. तो."

तर गाडीबद्दल आधी सांगतो. १९७९ साली आमच्या घरी एक पिकअप आली. जुनी, दुसऱ्याच्या हातची. जीपच्या लांब चॅसीवर मागं लाकडी फळ्यांचा हौदा बांधलेला, पुढं ताडपत्रीचं छप्पर आणि बोनेटवर कुणीतरी आधीच काढून ठेवलेलं कमळ. अब्बांनी कमळ पुसलं नाही. म्हणाले, रंग चांगला आहे, राहू दे. चिपळूणहून सुकी मासळी आणि नारळ घेऊन ते कुंभार्ली घाटानं वर कराडला जात आणि येताना कांदा, बटाटा, गुळाच्या ढेपा घेऊन खाली येत. माझं बीएपर्यंतचं शिक्षण त्या हौद्यातून झालं आहे, असं म्हटलं तरी चालेल.

जीप ही मूळची अमेरिकेची, विलीस कंपनीची. तिचं 'सीजे-३बी' नावाचं उंच बोनेटचं मॉडेल तिकडं १९५३ मध्ये निघालं आणि इकडं महिंद्रा कंपनीनं ते पुढं अनेक वर्षं बनवलं. या कंपनीचं १९४५ सालचं पहिलं नाव महिंद्रा अँड महंमद असं होतं. भागीदारांपैकी गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढं गव्हर्नर जनरलही झाले. इकडं कंपनी महिंद्रा अँड महिंद्रा झाली. अब्बा ही गोष्ट गाडी पुसता पुसता सांगत आणि शेवटी म्हणत, "महंमद गेले, गाडी राहिली. आपणही राहिलो." मग फडकं पिळून वाळत घालत.

त्या गाडीचा ब्रेक म्हणजे निव्वळ पायाचा ब्रेक. ड्रायव्हरच्या पायाखालची फळी फोडून वर आलेलं लोखंडी पॅडल, खाली चॅसीला बांधलेला मास्टर सिलिंडर आणि तिथून चारही चाकांपर्यंत गेलेल्या बारीक नळ्या. पॅडल दाबलं की दट्ट्या ऑइल ढकलतो. ऑइल दाबून लहान होत नाही, म्हणून तो दाब जसाच्या तसा चारही चाकांत पोचतो. सतराव्या शतकात पास्कल नावाच्या फ्रेंच माणसानं सांगून ठेवलेला हा नियम. चाकाच्या ड्रममध्ये दोन चंद्रकोरी, म्हणजे ब्रेक शू, बाहेर फाकतात, त्यांच्यावरचे लायनर ड्रमला आतून घासतात आणि गाडीचा वेग उष्णता होऊन बाहेर पडतो. घाट उतरून आलेल्या गाडीजवळ उभं राहिलात तर जो जळका वास येतो ना, तो खर्ची पडलेल्या वेगाचा वास.

यात ड्रायव्हरला मदत एकच. पॅडलचा दांडा. पहारीनं दगड उचलावा तसा तो पायाचा जोर पाच-सहा पट करून दट्ट्याला देतो. बाकी सगळं मांडीवर. भरलेली गाडी घेऊन अब्बा घाट उतरत तेव्हा मी मधल्या जागेवर बसलेला असे. वळण आलं की त्यांची पाठ सीटला टेकायची, उजवा पाय ताठ व्हायचा आणि कमरेपासून सगळं शरीर त्या पॅडलवर उभं राहायचं. ते वळण घेत नसत, वळणावर ओणवत. त्यांची उजवी पोटरी डावीपेक्षा जाड होती. आम्ही भावंडं त्यावरून हसायचो.

अब्बांचा नियम होता, ज्या गिअरनं घाट चढलास त्याच गिअरनं उतर. इंजिनाला गाडी धरू दे, ब्रेकला फक्त वळणापुरता हात लाव. हा नियम आजही प्रत्येक घाटाच्या तोंडाशी पाटीवर लिहायला हरकत नाही. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ड्रम इतके तापतात की लायनरची पकडच सुटते. पॅडल नेहमीसारखंच लागतं, गाडी मात्र थांबत नाही.

१९८६ मध्ये पेट्रोल परवडेना म्हणून अब्बांनी इंजिन बदलून डिझेलचं बसवलं. तेव्हा सगळेच बसवत होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

अब्बांच्या मागं गाडी आली मोठ्या भावाकडे. त्यांना आम्ही भाई म्हणतो. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. गाडीचं सगळं ते अब्बांकडून शिकले. फक्त एक खोड स्वतःची लावून घेतली. घाट संपत आला, पोफळीच्या अलीकडचा उतार लागला की गाडी न्यूट्रल करायची, डॅशबोर्डाखालचा स्टॉपचा नॉब ओढून इंजिन बंद करायचं आणि गाडी तशीच सोडून द्यायची. डिझेल वाचतं म्हणून. किती वाचत असेल? फार तर पेलाभर. अब्बा होते तोवर हे त्यांच्या माघारी चालायचं.

२००३ च्या मे महिन्यात भाई आंब्याच्या झाडावरून पडले. उजव्या गुडघ्याची वाटी फुटली. शस्त्रक्रिया झाली, चालायला लागले, पण मांडीतला जोर गेला तो गेलाच. घरातल्या अंगणात त्यांनी एकदा पिकअप सुरू करून पाहिली. पॅडलवर पाय ठेवला, दाबला, कपाळावर घाम आला, गाडी भिंतीपासून वीतभरावर थांबली. खाली उतरून म्हणाले, "विकून टाकू." भाबी आत गेल्या. पुतण्या दहा-बारा वर्षांचा होता, तो हौद्याच्या फळीवर बसून राहिला. गाडी विकायची म्हणजे काय, हे सगळ्यांना कळत होतं. गाडीचे फार तर वीस-पंचवीस हजार आले असते. पण पंचेचाळिशीतल्या, दुसरं काही न शिकलेल्या माणसाला नोकरी कोण देणार होतं?

बहादूरशेख नाक्याच्या बाजूला एक मिस्त्री होते. त्यांना मी विचारलं, जुन्या गाडीला पॉवर ब्रेक बसतो का? ते म्हणाले, "बसतो की. पण आधी पॉवर ब्रेक म्हणजे काय ते समजून घ्या. लोकांना वाटतं, गाडी लवकर थांबते. अजिबात नाही." आणि त्यांनी खडूनं गॅरेजच्या पत्र्यावर चित्र काढून मला जे समजावलं तसं मला कॉलेजात कुणी काही समजावलं नव्हतं.

गाडी थांबते ती लायनर आणि ड्रम यांच्या घासण्यानं आणि टायर आणि रस्ता यांच्या पकडीनं. या दोन्हींत पॉवर ब्रेक काही बदल करत नाही. ड्रम तापायचा तेवढा तापतोच, ओल्या रस्त्यावर टायर घसरायचा तो घसरतोच. पॉवर ब्रेक बदलतो ती एकच गोष्ट. ड्रायव्हरच्या पायानं किती जोर लावायचा, एवढीच.

आणि हा जोर येतो कुठून, तर हवेतून. पॅडल आणि मास्टर सिलिंडर यांच्यामध्ये पत्र्याचा एक गोल डबा बसवतात. मिस्त्रींच्या भाषेत बूस्टर. आत रबराचा पडदा. डब्यातली हवा काढून घेतलेली असते, म्हणजे पडद्याच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ पोकळी. आपण पॅडलला पाय लावला की एक झडप उघडते आणि पडद्याच्या फक्त मागच्या बाजूला बाहेरची हवा शिरते. एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला पोकळी. मग हवा पडद्याला ढकलते आणि पडदा मास्टर सिलिंडरच्या दट्ट्याला. शांत जागी गाडी उभी करून ब्रेक दाबलात तर कधी कधी पायापाशी 'सुस्स' असा बारीक आवाज येतो, ती ही हवा.

"म्हणजे पोकळी ओढते?" मी विचारलं.

"पोकळी कशाला ओढतेय? तिच्यात काय आहे ओढायला? हवा ढकलते," मिस्त्री म्हणाले.

हिशेब सांगतो, कारण तो ऐकून मी थक्क झालो होतो. आपल्या अंगावर हवेचा दाब असतो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो. पंपानं डब्यातली साधारण दोन तृतीयांश हवा काढली, तर दोन बाजूंच्या दाबात फरक पडतो सातशे ग्रॅमच्या आसपास. आठ इंच व्यासाच्या पडद्याचं क्षेत्रफळ सव्वातीनशे चौरस सेंटिमीटरच्या आगेमागे. गुणाकार करा. सव्वादोनशे किलो. डबा हलकासा, आत काहीच नाही, आणि ते 'काहीच नाही' तीन-चार माणसांच्या वजनाचा धक्का पायाच्या दिमतीला उभं करतं. कल्पना जुनी आहे. अल्बर्ट देवांद्र नावाच्या बेल्जियन इंजिनिअरची. १९२७ मध्ये जर्मनीच्या बॉश कंपनीनं ती ब्रेकसाठी बाजारात आणली आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत पिअर्स-अ‍ॅरो या श्रीमंतांच्या मोटारीला अशी मदत बसली होती. पोकळीवर कविता करणारे आम्ही, आणि पोकळीला कामाला लावणारे हे!

मी त्या दिवशी घरी आलो तो डोक्यात ओळी घेऊनच. हेही लक्षात ठेवा.

आता बसवण्याची हकीकत. अमेरिकेत जुन्या पिकअप हौसेनं जपणाऱ्यांची मोठी जमात आहे. पन्नास-साठच्या दशकांतल्या फोर्ड, शेवर्ले. तेही हेच करतात, पण त्यांचं काम एका अर्थी सोपं. गाड्या पेट्रोलच्या. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर झडप असते. ती मिटलेली असताना इंजिन श्वास ओढतं आणि आतल्या नळीत आपोआप पोकळी तयार होते. तिथून एक रबरी नळी बूस्टरला जोडली की झालं. डिझेल इंजिनाच्या वाटेत अशी झडपच नसते. ते तोंड उघडं टाकूनच श्वास घेतं, त्यामुळं पोकळीही नाही. अब्बांनी १९८६ साली वाचवलेलं पेट्रोल असं अठरा वर्षांनी आडवं आलं.

यावर उपाय म्हणजे व्हॅक्यूम पंप. आपल्याकडच्या बऱ्याच डिझेल गाड्यांना तो अल्टरनेटरच्या पाठीला चिकटलेला असतो. इंजिन फिरलं की पट्ट्यानं अल्टरनेटर फिरतो आणि त्याच्याच दांड्यावर पंप. मिस्त्रींनी अशा गाडीचा जुना अल्टरनेटर पंपासकट मिळवला. पण या पंपाला इंजिनचं ऑइल पाजावं लागतं. दाबाखालचं ऑइल आत नेणारी एक बारीक नळी आणि परत ऑइलच्या टाकीत सोडणारी एक जाड नळी. यातली एखादी घासून फुटली तर ब्रेकची मदत जातेच, वर इंजिन कोरडं पडून जाम होतं. मिस्त्रींनी या दोन नळ्यांना जेवढा वेळ दिला तेवढा बूस्टरलाही दिला नाही.

आणि एका गोष्टीवर ते अडून बसले. म्हणाले, "बूस्टर हा आरामासाठी. जीव वाचवायचा असेल तर मास्टर सिलिंडर डबल घाला." आमचा जुना मास्टर सिलिंडर एकेरी होता. चार चाकांना मिळून एकच लाईन. कुठल्याही एका चाकाची नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक गेला. डबल सिलिंडरमध्ये पुढची चाकं वेगळी, मागची वेगळी. एक बाजू गेली तरी दुसरी गाडी धरते. अमेरिकेत १९६७ च्या मॉडेलपासून शेवर्लेच्या पिकअपनाही असा दुहेरी सिलिंडर आला. आमच्या गाडीला तो २००४ मध्ये आला. तुमच्यापैकी कुणाच्या दारात अशी म्हातारी गाडी असेल आणि खिशात एकाच कामाचे पैसे असतील, तर बूस्टर राहू द्या, हे करा. अर्थात, गाडीच्या मूळ रचनेत हात घालण्याआधी आरटीओत विचारून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नेमकं याच विषयावर आहे.

कोल्हापूरला उद्यमनगरात लेथवर एक ब्रॅकेट करून आणलं, त्यावर बूस्टर आणि सिलिंडर पायाखालच्या फळीच्या खालीच बसवले. सिलिंडर ज्या गाडीचा होता तिला पुढं डिस्क ब्रेक होते, आमच्याकडे चारही ड्रम. ड्रमच्या लाईनमध्ये सुटल्यावरही थोडासा दाब धरून ठेवणारी एक छोटी झडप लागते, नाहीतर व्हील सिलिंडरच्या रबरी वाट्या सैल पडून हवा आत शिरते. ती वेगळी बसवली. बूस्टरची सळई आणि सिलिंडरचा दट्ट्या यांच्यात केसाएवढी फट ठेवली. फट नसेल तर पाय काढला तरी ब्रेक पूर्ण सुटत नाही आणि गाडी स्वतःशीच भांडत चालते. मिस्त्री गाडी फिरवून आणत आणि प्रत्येक ड्रमजवळ हाताची मागची बाजू नेत, तापलेल्या पोराच्या कपाळाशी आई नेते तशी.

मग पॅडलचा दांडा. हे मात्र नीट ऐका. मदत नसताना पॅडलची पहार लांब लागते, पण तीच पहार बूस्टरला लावली तर पाय नुसता टेकवला तरी चाकं जाम होतात. त्यातून ड्रम ब्रेकची खोड अशी की पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच आत ओढला जातो आणि आणखी घट्ट बसतो. कोकणातल्या पावसाळी रस्त्यावर हे घातक. म्हणून मिस्त्रींनी बूस्टर लहान निवडला आणि दांड्याचं माप बदलून पहार आखूड केली. आता पॅडल कसं, तर लोण्यासारखं. पण याचा दुसरा अर्थ असा, की बूस्टरची मदत कधी मिळाली नाही, तर हा ब्रेक अब्बांच्या काळातल्या ब्रेकपेक्षाही जड झालेला होता.

गाडी ताब्यात घ्यायला मी गेलो. भाईंना रिक्षात चढणं-उतरणं त्रासाचं होतं. मिस्त्रींनी मला सगळं दाखवलं. चाचणी कशी घ्यायची तेही दाखवलं. ती तुम्ही तुमच्या गाडीवर आजच करू शकता. इंजिन बंद ठेवून पॅडल चार-पाच वेळा दाबायचं, म्हणजे डब्यातली शिल्लक पोकळी संपते आणि पॅडल घट्ट होतं. मग पाय तसाच दाबून धरायचा आणि इंजिन सुरू करायचं. पॅडल आपोआप थोडं खाली जायला हवं. गेलं नाही तर पंप, नळी, झडप किंवा पडदा, कुणीतरी आजारी आहे.

आणि शेवटी मिस्त्री म्हणाले, "भाईंना एक सांगा. इंजिन बंद करून गाडी सोडायची नाही. इंजिन बंद, पंप बंद. डब्यात शिल्लक असते ती दोन, फार तर तीन वेळा दाबण्यापुरती. त्यानंतर पॅडल दगड."

मी मान हलवली. मला ते पूर्ण समजलं होतं. आणि मी ते भाईंना सांगितलं नाही.

मुद्दाम नव्हे. घरी गाडी आली तेव्हा भाई नुसत्या चवड्यानं ब्रेक दाबून अंगणात मागं-पुढं करत होते, लहान मुलासारखे हसत होते. भाबींनी दारात उभं राहून डोळे पुसले. मी पोकळीवरची कविता पुरी करण्याच्या नादात होतो. चार-सहा दिवसांनी आठवलं असतं कदाचित, पण तोवर सांगण्यासारखं काही उरलेलं आहे, हेच विसरलो. कविता मात्र दिवाळी अंकात छापून आली.

त्या वर्षी दिवाळी आणि ईद अगदी पाठोपाठ आल्या. सण आटोपल्यावर, नोव्हेंबरच्या शेवटी, भाईंनी गुडघा मोडल्यानंतरची पहिली कराडची फेरी केली. मी आणि पुतण्या बरोबर होतो. येताना कांद्याची पंधरा पोती. घाट भाईंनी अब्बांच्या नियमानं उतरवला, गिअरवर, अगदी शिस्तीत. प्रत्येक वळणाला माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होते. 'बघ, पाय दुखत नाही.'

मग खालचा उतार आला. त्यांनी गाडी न्यूट्रल केली आणि नॉब ओढला.

इंजिनाचा आवाज थांबल्यावर गाडीत जी शांतता येते ती मला आवडायची. ताडपत्रीचा फडफडाट आणि टायरची गुणगुण. पहिल्या वाकणावर त्यांनी ब्रेक दाबला, गाडी हळू झाली. पुढं म्हशी आडव्या आल्या म्हणून पुन्हा दाबला. मग उताराचा तो लांब तुकडा, आणि त्याच्या टोकाला एक एसटी उभी, माणसं उतरवत असलेली. भाईंनी ब्रेक दाबला आणि मी त्यांचा चेहरा पाहिला. पाय पॅडलवर होता, पॅडल हलत नव्हतं. त्याच क्षणी मला मिस्त्रींचं वाक्य शब्दन् शब्द आठवलं. इतकं स्पष्ट, की जणू कुणी कानात वाचून दाखवत होतं.

मी ओरडलो, "भाई, इंजिन! इंजिन चालू करा!"

त्यांनी काय केलं ते मी पाहिलं आहे, पण त्या क्रमानं मला कुणी करायला सांगितलं तर जमणार नाही. डाव्या हातानं नॉब आत ढकलला. क्लच. गिअरबॉक्स करवतला, तिसरा गिअर पडला. क्लच सोडला. गाडीला हिसका बसला, चाकांनी इंजिन फिरवलं, इंजिनानं पट्टा, पट्ट्यानं पंप. इंजिन धडधडलं आणि इंजिनाच्या त्या ओढीनंच निम्मा वेग उतरला. आणि अर्ध्या-पाऊण सेकंदानं त्यांच्या पायाखालचं पॅडल एकदम खाली गेलं. पोकळी परत आली होती. गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात डावं चाक घालून उभी राहिली. एसटी पंधरा-वीस हातांवर. एक बाई पिशवी घेऊन उतरत होती, तिनं वळून पाहिलं, दोन कांदे घरंगळत तिच्या पायाशी गेले. तिनं ते उचलून आणून दिले.

पुतण्या काही बोलला नाही. भाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, मग खाली उतरून रस्त्याकडेच्या दगडावर बसले. गुडघा दोन्ही हातांनी धरून. मी जवळ गेलो. सांगायला हवं होतं. तोंडातून आलं ते एवढंच, "पाणी आणू का?"

पुढच्या आठवड्यात भाई एकटेच मिस्त्रींकडे जाऊन आले. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आल्यावर म्हणाले, "डॅशबोर्डावर पेंटरकडून काहीतरी लिहून घ्यायचंय. इंजिन बंद करू नये, असं. तू कवी आहेस, तू दे लिहून." मी दोन ओळी लिहून दिल्या, यमक जुळवून. पेंटर म्हणाला, जागा चार बोटं आहे, एवढं बसत नाही. मी एक ओळ केली. तीही लांब झाली. शेवटी भाईंनी कागद घेतला आणि लिहिलं, 'इंजिन बंद = ब्रेक बंद'.

मी म्हटलं, "हे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर नाही. ब्रेक बंद होत नाही, फक्त मदत बंद होते."

भाई म्हणाले, "ज्याचा पाय पॅडलवर आहे त्याला विचार."

पिवळ्या रंगात ते चार शब्द आणि बरोबरचं चिन्ह लिहिलं गेलं.

मी ती चूक कबूल केली २०१५ मध्ये. अकरा वर्षांनी. भाईंनी तोवर पिकअप रस्त्यावरून काढली होती, कलमांच्या बागेत पेट्या इकडून तिकडं न्यायला ती उरली होती. संध्याकाळी अंगणात बसलो होतो, समोर गाडी उभी होती, आणि मला एकदम राहवेना. सगळं सांगितलं. मिस्त्रींचा निरोप, कविता, सगळं.

भाई विडी विझवत म्हणाले, "ठाऊक आहे मला. मिस्त्रीवर भांडायला गेलो होतो ना मी. तो म्हणाला, तुमच्या धाकट्याजवळ निरोप दिला होता."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोललो की. तुला लिहायला नाही का सांगितलं?"

मी गप्प बसलो. थोड्या वेळानं त्यांनी माझ्या नव्या मोटारीकडे बोट केलं. मी ती तीन वर्षांपूर्वी घेतली होती, पॉवर ब्रेक, एबीएस, सगळं असलेली.

"ब्रेक ऑइल बदललंस का हिचं? हवेतला ओलावा पितं ते. दोन वर्षांनी बदलावं लागतं, नाहीतर घाटात तापून उकळतं. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं बघ."

मॅन्युअल मी वाचलं नव्हतं. ऑइल दुसऱ्या दिवशी बदलून घेतलं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)